टिपणं लॅपटॉपबाहेर न जाऊ देता चॅटबॉट वापरायचा तर

मी समुपदेशक आहे. लोक माझ्यासमोर बसून जे बोलतात त्याची टिपणं रोज लिहावी लागतात, आणि त्या कामाचा मला मनापासून कंटाळा आहे. घाईत खरडलेल्या तुटक ओळींचा नीट परिच्छेद करणं, जुन्या टिपणांतून एखादा धागा शोधणं, दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवायच्या पत्राचा कच्चा खर्डा करणं ही कामं चॅटबॉट फार छान करतो. अडचण एवढीच की तो मजकूर माझ्या मालकीचा नाही. समोरच्याने तो मला सांगितला, एखाद्या कंपनीच्या सर्व्हरला सांगितला नाही. त्यामुळे मजकूर जागचा न हलवणारा चॅटबॉट मला हवा होता. तो मिळतो, फुकट मिळतो, आणि बसवायला संगणकतज्ज्ञ असावं लागत नाही. मी तर नाहीच.

ऑनलाइन चॅटबॉटला आपण काही लिहितो तेव्हा काय होतं, ते आधी बघू. मजकूर वाटेत कूटबद्ध असतो, पण सर्व्हरवर पोचला की उलगडावाच लागतो, त्याशिवाय मॉडेलला, म्हणजे चॅटबॉटच्या आतल्या उत्तर तयार करणाऱ्या भागाला, तो वाचता येत नाही. मग तो आपल्या खात्यातल्या इतिहासात साठतो. सेटिंग तशी असेल तर पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणात जातो. गैरवापर तपासणारी माणसंही काही वेळा तो वाचू शकतात. मार्च २०२३मध्ये चॅटजीपीटीत एक बग निघाला आणि काही जणांना आपल्या यादीत भलत्यांच्याच संभाषणांची शीर्षकं दिसायला लागली. बहुतेक शीर्षकंच, पण माझ्या कामात शीर्षकसुद्धा पुरे होतं. मे २०२५मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने लावलेल्या खटल्यात अमेरिकेतल्या न्यायालयाने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला सांगितलं की वापरकर्त्यांनी डिलीट केलेली संभाषणंही जपून ठेवा. काही महिन्यांनी तो आदेश उठला. पण मधल्या काळात ज्यांनी डिलीटचं बटण दाबलं, त्यांचं बोलणं पुसलं गेलं नव्हतं. यात कंपनीच्या हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. कागद ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे न्यायालय तो मागणारच.

तीन ढीग

कुठला चॅटबॉट चांगला हा प्रश्न मी नंतर विचारते. आधी मजकुराचे ढीग लावते. पहिल्या ढिगात चारचौघांत मोठ्याने वाचता येईल असं सगळं: कार्यशाळेची रूपरेषा, एखाद्या संकल्पनेचं सोपं स्पष्टीकरण, सूचनाफलकावरचा मजकूर. हे कुठेही टाका. दुसऱ्या ढिगात माझं स्वतःचं खासगी: तब्येतीची शंका, पैशाचा हिशेब, रागाने लिहिलेलं पण न पाठवलेलं पत्र. तिसऱ्यात दुसऱ्याचं खासगी. तिसरा ढीग लॅपटॉपबाहेर जात नाही, आणि त्याला अपवाद ठेवायचा नाही, कारण अपवाद नेहमी थकलेल्या संध्याकाळी आठवतो.

‘नाव काढून टाकलं की झालं’ असं मला बऱ्याच सहकाऱ्यांनी सांगितलं. त्यांच्यासाठी ही एक बनवलेली ओळ: ‘क्ष, वय ४२, शाळेत शिक्षिका, जुळ्या मुली, नवरा जहाजावर, सासऱ्यांनी आत्महत्या केल्यापासून झोप नाही.’ नाव कुठेच नाही. तिच्या शाळेतल्या कोणाहीसमोर ही ओळ धरा, ती व्यक्ती दोन सेकंदांत नाव सांगेल. आता यातून जुळ्या मुली काढा, जहाज काढा, आत्महत्या काढा. उरलं काय? ‘एका बाईला झोप येत नाही.’ त्यासाठी चॅटबॉटची गरजच नाही. टिपणाचा अर्थ ज्या तपशिलांत असतो, त्याच तपशिलांत ओळखही असते.

दुसऱ्या ढिगासाठी मधला रस्ता

दुसऱ्या ढिगासाठी लॅपटॉपवर मॉडेल बसवायची गरज नाही. आधी जो चॅटबॉट वापरताय त्याच्या सेटिंगमध्ये जा आणि ‘माझी संभाषणं मॉडेल सुधारण्यासाठी वापरा’ अशा अर्थाचा खटका बंद करा. बहुतेकांत तो सुरुवातीला चालूच असतो. स्मृती म्हणजे ‘मेमरी’ही बंद करा, नाहीतर एका संभाषणातलं गुपित दुसऱ्यात टपकतं.

त्यापुढची पायरी म्हणजे मध्यस्थ. डकडकगोची डक.एआय ही सेवा खातं न काढता चालते. ती आपला आयपी पत्ता काढून टाकून प्रश्न मोठ्या कंपन्यांच्या मॉडेलांकडे पाठवते, आणि तो प्रशिक्षणासाठी वापरायचा नाही असा करार त्या कंपन्यांशी आहे. संभाषणांचा इतिहास आपल्याच ब्राउझरमध्ये राहतो. ब्रेव्ह ब्राउझरमधला लिओही खात्याशिवाय चालतो. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन कंपनीने जुलै २०२५मध्ये ल्युमो हा चॅटबॉट आणला. तो खुली, म्हणजे कोणालाही उतरवून घेता येणारी मॉडेलं प्रोटॉनच्या ताब्यातल्या सर्व्हरवर चालवतो आणि साठवलेली संभाषणं अशी कूटबद्ध करतो की प्रोटॉनलाही उघडता येत नाहीत.

तिन्ही चांगल्या आहेत, पण मर्यादा नीट समजून घ्या. मध्यस्थ ‘कोण’ लपवतो, ‘काय’ लपवत नाही. वरची शिक्षिकेची ओळ डक.एआयमधून गेली तरी ती ओळ म्हणूनच पलीकडे पोचते. ल्युमोतही उत्तर तयार होत असताना मजकूर सर्व्हरवर उलगडलेला असतोच. म्हणजे या सेवांवर विश्वास ठेवावा लागतो. त्या विश्वासाला पात्र आहेत असं मला वाटतं, माझ्या स्वतःच्या मजकुरापुरतं.

आपल्याच यंत्रावर: आधी हिशेब

इथून पुढे तिसरा ढीग. भाषेचं मॉडेल म्हणजे शेवटी आकड्यांची एक प्रचंड फाइल. ती उतरवून घ्यायची आणि चालवणारा प्रोग्राम बसवायचा. फाइल स्वतः होऊन कोणाला फोन लावत नाही. डीपसीक या चिनी चॅटबॉटचं उदाहरण बघा. त्याचं ॲप वापरलं तर मजकूर चीनमधल्या सर्व्हरवर जातो, तसं त्यांच्याच गोपनीयता धोरणात लिहिलेलं आहे. पण डीपसीकच्या मॉडेलची फाइल उतरवून नेट बंद करून चालवली, तर मजकूर कुठेच जात नाही. मॉडेल कोणी बनवलं यापेक्षा ते चालतं कुठे, हे गोपनीयतेच्या दृष्टीने महत्त्वाचं.

मार्च २०२३मध्ये गिओर्गी गेर्गानोव्ह याने लामा.सीपीपी नावाचा प्रोग्राम खुला केला आणि साध्या लॅपटॉपवर अशी मॉडेलं चालायला लागली. आज मिळणाऱ्या बऱ्याच सोप्या ॲपांच्या पोटात तोच आहे. मॉडेलची फाइल लहान करायची युक्ती अशी: प्रत्येक आकडा १६ बिटांऐवजी साधारण ४ बिटांत बसवायचा. थोडी अचूकता जाते, पण आकार चौथाईवर, फार तर तिसऱ्या हिश्शावर येतो. ८ अब्ज आकड्यांचं, म्हणजे ‘८बी’ मॉडेल मुळात १६ जीबीचं असतं, ते ५ जीबीच्या आसपास येतं. १२बी साधारण ८ जीबी, २७बी साधारण १७ जीबी. ही सगळी फाइल रॅममध्ये मावली पाहिजे, आणि वर ऑपरेटिंग सिस्टीमला आणि संभाषणाला जागा उरली पाहिजे. ८ जीबी रॅम असेल तर ४बीच्या पुढे जाऊ नका. माझ्या लॅपटॉपला १६ जीबी आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आणि १२बी त्यावर चालतं, पण ब्राउझर बंद करून.

वेगाचं गणितही सोपं आहे आणि कोणी सांगत नाही. टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा, आणि असा प्रत्येक तुकडा लिहिताना मॉडेलची अख्खी फाइल रॅममधून एकदा वाचली जाते. माझ्यासारख्या लॅपटॉपची रॅम सेकंदाला फार तर ५० जीबी देते. ८ जीबीची फाइल असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त सहा टोकन. एका मराठी शब्दाचे दोन-तीन तुकडे सहज होतात, म्हणजे सेकंदाला दोन-तीन शब्द. माणूस टाइप करतोय असं वाटतं. ॲपलच्या एम मालिकेतल्या चिपांची किंवा ग्राफिक्स कार्डाची मेमरी याहून कितीतरी वेगवान, म्हणून तिथे हेच मॉडेल पळतं. प्रोसेसर किती नवा आहे यावर फारसं अवलंबून नाही. काही मॉडेलं असा प्रत्येक तुकडा लिहिताना स्वतःचा छोटाच भाग वापरतात. ओपनएआयने ऑगस्ट २०२५मध्ये खुलं केलेलं जीपीटी-ओएसएस २०बी तसलं: एकूण २१ अब्ज आकडे, पण प्रत्येक टोकनला त्यातले ३.६ अब्जच कामाला लागतात. फाइल मात्र १३ जीबीच्या आसपास. १६ जीबीच्या यंत्रावर ते कसंबसं बसतं. इंग्रजी कामाला उत्तम.

बसवणं

प्रोग्राम बरेच आहेत. मी तिघांबद्दल सांगते. एलएम स्टुडिओ दिसायला सर्वांत नीटनेटका, पण त्याचा सोर्स कोड खुला नाही. जॅन खुला आहे आणि दिसायला चॅटजीपीटीसारखाच. ओलामाही खुला, पूर्वी तो काळ्या टर्मिनलमध्ये आज्ञा देऊन वापरावा लागायचा, आता विंडोज आणि मॅकसाठी त्याची खिडकीही आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने एलएम स्टुडिओ किंवा जॅन घ्यावा. मी जॅनवर आहे, कारण खुल्या कोडाकडे दुसरं कोणीतरी बघत असतं आणि मला स्वतःला तो वाचता येत नाही.

अधिकृत संकेतस्थळावरून प्रोग्राम उतरवा, बसवा, आणि मॉडेल शोधायच्या पानावर जाऊन ‘जेमा ३’ शोधा. हे गूगलचं मार्च २०२५मधलं खुलं मॉडेल आहे, १बी, ४बी, १२बी आणि २७बी अशा आकारांत. नावात ‘आयटी’ किंवा ‘इन्स्ट्रक्ट’ आहे ना बघा. ते नसेल तर ते कच्चं मॉडेल, प्रश्नाला उत्तर द्यायच्या ऐवजी तुमचंच वाक्य पुढे लिहीत बसतं. एकाच मॉडेलच्या दहा फाइली दिसतील. ‘क्यू४_के_एम’ लिहिलेली घ्या आणि बाकीच्यांचा विचार करू नका. फाइलचा प्रकार जीजीयूएफ असावा. जुन्या काही प्रकारच्या फाइली उघडताना त्यांतला कोड चालू शकायचा, जीजीयूएफ त्या बाबतीत बरी.

मराठीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ४बीच्या खाली मराठी मागू नका. वाक्य मराठीत सुरू होतं आणि मधेच ‘और’ डोकावतो, खुर्ची पुल्लिंगी होते, ‘ळ’चा ‘ल’ होतो. जेमाचं ४बी कामचलाऊ मराठी लिहितं, १२बी बरंच सरळ. क्वेन (अलीबाबाचं) आणि लामा (मेटाचं) या कुळांतली लहान मॉडेलं इंग्रजीत हुशार वाटली तरी मराठीत अडखळतात. माझी युक्ती: टिपणं मराठीत देते, सारांश मराठीतच मागते, पण ‘छोटी वाक्यं लिही’ असं सांगते. वाक्य लांबलं की व्याकरण सुटतं. आणि एक सावधगिरी. ‘डीपसीक-आर१ ८बी’ अशा नावाला भुलू नका. डीपसीकचं खरं आर१ मॉडेल ६७१ अब्ज आकड्यांचं आहे आणि ते लॅपटॉपवर येत नाही. लहान आकारात मिळतात ती क्वेन किंवा लामा मॉडेलं, आर१च्या उत्तरांवर घोटवलेली.

नेट बंद करून बघा

मॉडेल उतरलं की पहिलं खरं काम हे. वायफाय बंद करा, केबल असेल तर काढा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा आणि प्रश्न विचारा. उत्तर आलं तर मॉडेल खरंच तुमच्या यंत्रावर आहे. नाही आलं तर तुम्ही नकळत कुठल्यातरी सर्व्हरशी बोलत होता.

हे नकळत होणं सोपं आहे. जॅनमध्ये ऑनलाइन कंपन्यांची मॉडेलंही जोडता येतात. ओलामाच्या यादीत काही मॉडेलांच्या नावात ‘क्लाउड’ असतं, ती ओलामाच्या सर्व्हरवर चालतात आणि खिडकी मात्र तीच दिसते. वेब शोधाची सोय चालू असेल तर मॉडेल घरचं असूनही तुमच्या प्रश्नातले शब्द शोधयंत्राकडे जातात. म्हणून यादीत एकच मॉडेल ठेवा, बाकीचं काढून टाका, वेब शोध बंद करा, आणि सेटिंगमध्ये वापराची आकडेवारी पाठवायचा खटका असेल तर तोही. मी तिसऱ्या ढिगाचं काम विमान मोड लावूनच करते. ज्यांना नेट चालू ठेवावं लागतं त्यांनी फायरवॉलमध्ये त्या एका प्रोग्रामची बाहेर जायची वाट बंद करावी. विंडोजच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये ते जमतं, मॅकसाठी लुलू, लिनक्ससाठी ओपनस्निच.

ओलामा वापरत असाल तर आणखी एक. तो ११४३४ या पोर्टवर ऐकत बसतो, पण फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याच यंत्रापुरता. फोनवरूनही वापरता यावा म्हणून काही जण तो ०.०.०.० करायला सांगतात. मग त्या वायफायवरचं प्रत्येक यंत्र तुमच्या मॉडेलशी बोलू शकतं, कारण ओलामा पासवर्ड मागत नाही. मोह टाळा.

कामाला लावताना

नव्या संभाषणाआधी कायमची सूचना लिहायची जागा असते, ‘सिस्टीम प्रॉम्प्ट’ किंवा ‘इन्स्ट्रक्शन्स’. माझी अशी: ‘तू टिपणं नीट मांडणारा मदतनीस आहेस. दिलेल्या मजकुरात नाही ते लिहू नकोस. निदान करू नकोस, सल्ला देऊ नकोस. जिथे अर्थ स्पष्ट नाही तिथे [अस्पष्ट] असं लिही. छोटी मराठी वाक्यं वापर.’ ‘टेम्परेचर’ नावाचा आकडा ०.२वर आणा, म्हणजे मॉडेल कल्पनाविलास कमी करतं.

कमी करतं, थांबवत नाही. एकदा मी दिलेलं टिपण होतं: ‘गोळ्या. विसरते म्हणाली. बहिणीचा फोन.’ सारांशात आलं: ‘गोळ्या घ्यायला विसरत असल्याने बहीण फोन करून आठवण करते.’ किती समंजस वाक्य! प्रत्यक्षात बहिणीच्या फोनचा गोळ्यांशी काही संबंध नव्हता, तो भांडणाचा फोन होता. चूक इतकी गुळगुळीत होती की दुसऱ्या कोणाला कळलीच नसती. त्यामुळे टिपण सत्राच्या दिवशीच मॉडेलला द्यायचं, आठवण ताजी असताना, आणि सारांशाचं प्रत्येक वाक्य मूळ ओळीशी ताडून बघायचं. आठवड्याभराने ढीग एकदम द्यायचा आळस मी करत नाही.

दुसरा सापळा ‘कॉन्टेक्स्ट’चा, म्हणजे मॉडेल एका वेळी किती मजकूर डोळ्यांसमोर ठेवू शकतं त्याचा. रॅम वाचावी म्हणून प्रोग्राम हा आकडा बऱ्याचदा ४०९६ टोकनांवर ठेवतात. मराठीत ते दीड-दोन हजार शब्दांच्या आतच संपतात. त्यापुढे मजकूर कापला जातो, आणि काही वेळा त्याची सूचनाही मिळत नाही. मॉडेल उरलेल्या भागाचा आत्मविश्वासाने सारांश देतं. ओळखायची खूण सोपी आहे: लांब मजकुराच्या अगदी पहिल्या ओळीत आणि मधल्या एखाद्या ओळीत काय होतं ते विचारा. सांगता आलं नाही तर आकडा ८१९२ करा, आणि रॅम पुरत नसेल तर मजकूर तुकड्यांनी द्या.

लिहायचाच कंटाळा असेल तर व्हिस्पर बघा. बोललेलं लिहून देणारं हे मॉडेल ओपनएआयने सप्टेंबर २०२२मध्ये खुलं केलं आणि तेही नेटशिवाय चालतं. त्याचं सर्वांत मोठं मॉडेल घेतलं तरच मराठी वाचण्याजोगी येते. मी सत्र कधीच रेकॉर्ड करत नाही. सत्रानंतर स्वतःच्या आवाजात दोन मिनिटं बोलते, ते लिहून घेते आणि आवाजाची फाइल पुसते.

पोकळ जागा

नेट बंद केलं म्हणजे सगळं सुरक्षित, असं समजू नका. संभाषणं डिस्कवर साध्या फाइलींत पडलेली असतात. एलएम स्टुडिओ ती तुमच्या होम फोल्डरमधल्या त्याच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवतो, ओलामाचं टर्मिनल तुम्ही टाइप केलेल्या ओळी इतिहासाच्या फाइलीत लिहून ठेवतं. लॅपटॉप चोरीला गेला तर त्या कोणीही उघडेल. म्हणून अख्खी डिस्क कूटबद्ध करा: विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स. आणि ते फोल्डर क्लाउड बॅकअपमध्ये जातंय का, हे आवर्जून तपासा. दारातून बाहेर न गेलेला मजकूर रोज रात्री बॅकअपच्या खिडकीतून आरामात जात असतो.

फोनवरही हे जमतं. पॉकेटपाल नावाचं खुलं ॲप तीच जीजीयूएफ फाइल चालवतं. बॅटरी उतरते, फोन तापतो, आणि लहान मॉडेलची मराठी कशी असते ते वर आलंच. मी ते ठेवलेलं नाही.

एवढं सगळं लावल्यावर मी संमतीपत्रात एक ओळ घातली: ‘टिपणं नीट लिहिण्यासाठी मी माझ्याच लॅपटॉपवर, इंटरनेटशिवाय चालणारा प्रोग्राम वापरते. तुमची हरकत असेल तर वापरणार नाही.’ बहुतेक जण वाचून सही करतात, काही जण ‘म्हणजे कसं?’ विचारतात आणि मी लॅपटॉपचा विमान मोड दाखवते. काही जण नको म्हणतात. त्यांची टिपणं मी हाताने लिहिते.